फॉर्मचा शेवटचा रकाना

सर्वेक्षणाच्या बहुतेक प्रश्नावल्यांच्या शेवटच्या पानावर एक छोटा भाग असतो. तो उत्तरदात्याला विचारायचा नसतो. घराबाहेर पडल्यावर, एसटीच्या थांब्यावर किंवा जीपच्या बॉनेटवर कागद टेकवून, मुलाखत घेणाऱ्याने स्वतःच तो भरायचा. मुलाखत किती वाजता संपली, मध्ये कोणी येऊन बसलं होतं का, उत्तरदात्याचं सहकार्य कसं होतं: चांगलं, मध्यम, कमी. त्याखाली दोन रिकाम्या ओळी आणि शब्द एकच, 'शेरा'.

तेवीस वर्षांची असताना मी यवतमाळ जिल्ह्यात, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी जाऊन फॉर्म भरायचं काम केलं. विदर्भात तेव्हा अभ्यासकांची रीघ लागली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ साली अहवाल दिला होता, २००६ च्या सुरुवातीला इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा आला. आमचा अभ्यास या दोन्हींपैकी नव्हता, पुष्कळच लहान होता. त्या वेळी मी भरलेले फॉर्म आज कुठे असतील कोण जाणे, बहुधा रद्दीत गेले असतील. पण शेवटच्या पानावर काय लिहिलं होतं हे न बघता सांगू शकते. सहकार्य चांगलं. शेरा, काही नाही.

त्यातलं एक घर सांगते. ओसरीत हार घातलेला फोटो, कुठल्या तरी लग्नातल्या घोळक्यातून एकट्याचा चेहरा कापून मोठा केलेला, त्यामुळे कडेला दुसऱ्या कुणाचा तरी खांदा राहिलेला. बाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मी बसल्याबरोबर तिने आतून प्लॅस्टिकची पिशवी आणून माझ्यापुढे ठेवली. सातबारा, पंचनाम्याची झेरॉक्स, शवविच्छेदनाचा अहवाल, बँकेची नोटीस. मी काही मागितलं नव्हतं. पण तिच्याकडे कागद घेऊन येणारा प्रत्येक माणूस आजवर हेच मागत आला होता. सरकारची मदत एक लाखाची, आणि ती मिळायची तर मरण 'पात्र' ठरावं लागतं: नापिकी हवी, कर्ज हवं, वसुलीचा तगादा हवा. तिच्या नवऱ्याचं प्रकरण 'अपात्र' झालं होतं. मी संमतीपत्र वाचून दाखवलं, 'या अभ्यासातून तुम्हाला कोणताही प्रत्यक्ष लाभ होणार नाही' हे वाक्यही वाचलं, तिने अंगठा नाही, व्यवस्थित सही केली. मग विचारलं, "मॅडम, ह्या फारमानं आमचं पात्र होईन का जी?"

नाही होणार, हा फक्त अभ्यास आहे, असं मी सांगितलं. प्रशिक्षणात शिकवलं होतं तसंच. पुढचा प्रश्न घरातल्या वस्तूंचा होता. टीव्ही आहे का, मोटारसायकल आहे का, ट्रॅक्टर आहे का.

मी तिथे रडले नाही. त्या रात्री लॉजवर गरम पाण्याच्या बादलीवरून माझ्या सोबतिणीशी मात्र कडाक्याचं भांडले. आणि तिसऱ्या आठवड्यापासून माझ्या कामात एक बदल झाला, जो सुपरवायझरला कळला नाही आणि मलाही तेव्हा कळला नाही. जिथे लांबण लागणार असं वाटायचं तिथे मी मान खाली घालून, कागदाकडे बघत प्रश्न विचारू लागले. 'सावकाराकडून कर्ज घेतलं होतं का?' असा छापील प्रश्न होता. तो माझ्या तोंडून 'सावकाराचं वगैरे काही नव्हतं ना?' असा बाहेर पडायला लागला. समोरची बाई दमलेली असायची, मीही. ती 'नाही' म्हणायची. मी 'नाही'वर खूण करायची आणि पुढचे सात प्रश्न वगळले जायचे.

ही कबुली द्यायला लेख लिहिलेला नाही. मला वाद घालायचा आहे तो असा: संशोधकाच्या भावना ही त्याची खासगी बाब किंवा कमजोरी नाही. तो संशोधनाच्या खर्चाचा भाग आहे आणि माहितीच्या दर्जाचाही. अभ्यास जो करवून घेतो, त्याने या खर्चाचा हिशोब द्यायला हवा. आज तो हिशोब फिल्डवर फिरणाऱ्या, फॉर्ममागे पैसे मिळणाऱ्या, सहा महिन्यांच्या कंत्राटावरच्या मुलामुलींच्या माथी मारला जातो, आणि ती तो चुकता करतात अशा वाकड्या प्रश्नांनी.

यावर जो आक्षेप येतो तो मला मोलाचा वाटतो. नवरा गेला त्या बाईचा, आणि दुःख तुमचं मोजायचं? दोन तास ओसरीवर बसून आलेल्या सुशिक्षित मुलीला समुपदेशक हवा, आणि तिला? एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुम्ही काम करायला जाता की रडायला?" त्याचं बोलणं झोंबलं, पण त्यात तथ्य होतं. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे असेही प्रबंध येऊ लागलेत ज्यांत गावापेक्षा संशोधकाच्या मनातलं वादळच जास्त पानं खातं. वस्ती कुठली, पाणी कुठून येतं, मजुरी किती मिळते, काही कळत नाही. संशोधकाला रात्री झोप का लागली नाही ते मात्र कळतं. मला हे वाचवत नाही. भावना लिहिणं म्हणजे स्वतःचा आरसा वाचकापुढे धरणं नव्हे.

पण न लिहिल्याने त्या निघून जातात असंही नाही. मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉ मॅलिनॉव्स्की हा क्षेत्रकार्याचा आद्य गुरू मानला जातो. लोकांमध्ये राहा, त्यांची भाषा शिका, त्यांच्या नजरेने जग बघा, असं त्याने शिकवलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहत होता, तेव्हाची त्याची पोलिश भाषेतली खासगी डायरी त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, १९६७ साली छापली गेली. मानवशास्त्रज्ञांची तोंडं पडली. डायरीत एकटेपणा होता, कंटाळा होता, प्रकृतीची रड होती, आणि ज्यांच्या नजरेने जग बघायचं त्या बेटवासीयांबद्दल सरळसरळ तिरस्कारही होता. त्याच्या गाजलेल्या ग्रंथांत यातलं फारसं काही नाही. तिथे सगळं शांत आणि नेमकं. तो ढोंगी होता असं म्हणून मोकळं होता येतं. मला वाटतं, त्यानेही शेवटच्या रकान्यात 'सहकार्य चांगलं' लिहिलं होतं आणि खरा शेरा गादीखाली ठेवला होता.

उलट उदाहरण रेनाटो रोसाल्डो या मानवशास्त्रज्ञाचं. फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावरच्या इलोंगोत लोकांमध्ये त्याने आणि त्याच्या बायकोने, मिशेलने, काम केलं. हे लोक पूर्वी माणसांची मुंडकी कापत. का, असं विचारल्यावर म्हातारे सांगत: घरचं माणूस गेलं की दुःखातून संताप येतो, तो कुठेतरी नेऊन टाकायचा असतो. रोसाल्डोला हे उत्तर फारच साधं वाटलं. त्याने कितीतरी वर्षं त्यामागचं 'खरं' कारण शोधलं, देवाणघेवाणीचे सिद्धान्त लावून पाहिले. १९८१ साली तिथेच लुझॉनमध्ये क्षेत्रकार्य चालू असताना मिशेलचा कड्यावरून पडून मृत्यू झाला. तिच्या प्रेताशेजारी उभं असताना आपल्याला जो संताप आला, तेव्हा कुठे म्हाताऱ्यांचं बोलणं आपल्याला समजलं, असं त्याने पुढे लिहिलं. इथे भावना माहितीच्या आड आली नाही. भावना नव्हती म्हणून माहिती हाताशी असूनही ऐकू आली नव्हती. अर्थात हे कळायला कुणाची बायको मरावी लागू नये.

आता आपल्या दारातलं बोलू. महाराष्ट्रात प्रश्न विचारायला गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो: "आडनाव काय तुमचं?" मग गाव, मग "म्हणजे तुम्ही नेमके कोण?" माझं आडनाव मला बहुतेक घरांत आत नेऊन सोडतं, त्यासाठी मी कधी काही केलेलं नाही. माझ्यासोबत मराठवाड्यात काम करणारी एक मुलगी दलित होती. ती आडनावाऐवजी वडिलांचं नाव सांगायची. एका घरी ते चाललं नाही. मला चहा कपात आला, तिला स्टीलच्या पेल्यात, आणि तो पेला नंतर अंगणातच वेगळा ठेवला गेला. तिने तो प्यायला, पंचेचाळीस मिनिटं त्या घरातल्या माणसाची ग्रामपंचायतीतल्या 'सामाजिक सलोख्या'वरची उत्तरं लिहून घेतली, आवाज एकदाही बदलला नाही. माणूस म्हणाला, आमच्या गावात भेदभाव अजिबात नाही. तिने 'नाही'वर खूण केली. तेच उत्तर होतं, दुसरी खूण ती करू शकत नव्हती. अंगणातल्या पेल्यासाठी फॉर्मवर जागा नव्हती. आमच्या अहवालात त्या गावाचं सलोख्याचं गुणांकन उत्तम आलं.

राजकीय विचारवंत गोपाळ गुरूंनी २००२ साली भारतीय समाजशास्त्रांच्या समतेबद्दल एक कडू प्रश्न विचारला होता. सिद्धान्त मांडणारे ब्राह्मण आणि अनुभवाची माहिती पुरवणारे शूद्र अशी या ज्ञानव्यवहारात विभागणी आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यावर पुष्कळ वाद झाला, अजून होतो. मी त्यात एवढीच भर घालेन की भावनांचीही विभागणी तशीच झालेली आहे. पेला ज्या मुलीपुढे आला, तिचं नाव अहवालाच्या ऋणनिर्देशात बाराव्या क्रमांकावर होतं. 'सामाजिक सलोखा' या संकल्पनेवर ज्यांनी परिषदेत निबंध वाचला, त्यांनी ते गाव पाहिलेलं नव्हतं. अपमान खाली राहतो, सारणी वर जाते.

फिल्डवर एक शब्द सारखा वापरतात: रॅपो, म्हणजे उत्तरदात्याशी जुळवलेली जवळीक. रॅपो बांधा, रॅपो झाला की प्रश्न सुरू करा, अवघड प्रश्न रॅपो पक्का झाल्यावर. लेकरांची चौकशी करा, चहाला नाही म्हणू नका. आर्ली हॉक्शील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईने १९८३ साली विमानातल्या हवाई सुंदऱ्यांच्या हसण्याचा अभ्यास करून दाखवून दिलं की नोकरीसाठी मनातली भावना घडवणं, दाबणं हेही श्रमच आहेत, आणि ते विकले जातात. रॅपो तोच प्रकार, पगारी आपुलकी. फरक इतकाच की विमानातल्या प्रवाशाला ते हसू तिकिटात येतं हे ठाऊक असतं. ओसरीवरच्या बाईला ठाऊक नसतं. तिला वाटतं, पोरगी चांगली आहे, आपलं ऐकतेय. आणि खरं सांगायचं तर पोरीलाही त्या तासापुरतं तसंच वाटत असतं. मग ती उठून जाते आणि पुन्हा येत नाही.

डॉक्टर, नर्स, आशाताई, पोलीस हेही दुःख बघतात, मग संशोधकाचंच काय कौतुक, असं कुणी म्हणेल. त्यांचं काम अधिक कठीण आहे यात शंका नाही. पण त्यांच्या हातात गोळी असते, रजिस्टर असतं, किमान दंडुका असतो. संशोधक फक्त मागतो. जखम उघडायला लावतो, नीट बघतो, लिहून घेतो, आभार मानतो. हे घेऊन जाण्याचं ओझं या कामाचं स्वतःचं आहे, ते दुसऱ्या कुठल्या व्यवसायाच्या मापाने मोजता येत नाही.

इरावती कर्व्यांनी पंढरीच्या वारीवर जे लिहिलं आहे, त्यातली एक जागा मला या संदर्भात सारखी आठवते. एकाच दिंडीत ब्राह्मण वेगळे जेवतात आणि मराठे वेगळे, याचा त्यांना त्रास होत राहतो. त्या मराठा बायकांबरोबर जेवतात, मैत्री होते, बायका त्यांना ताई म्हणू लागतात, पुण्याला तुमच्याकडे येऊ म्हणतात. आणि मग एक मुलगी विचारते की, ताई, तिथेही आमच्याशी अशाच वागाल का? इरावतीबाईंनी हा प्रश्न वर्मी लागल्याचं लपवलेलं नाही. हजारो वर्षं शेजारी राहून आपण एकमेकांचे झालो नाही, हे त्यांनी त्या क्षणी मान्य केलं. डोक्याची मापं घेण्यापासून नातेसंस्थेच्या तक्त्यांपर्यंत सगळं केलेली ही बाई, जर्मनीत डॉक्टरेट झालेली. महाराष्ट्रातल्या जातींबद्दल तिने लिहिलेल्या शेकडो पानांतून माझ्या लक्षात राहिलं आहे ते हे चुटपुटणं. आणि ते नुसतं चुटपुटणं नाही. वारीतली समता कुठपर्यंत जाते आणि कुठे थांबते, याची ती नोंद आहे.

म्हणून मी म्हणते की शेरा लिहायला जागा द्या आणि तो वाचा. पेला कुठे ठेवला, प्रश्न विचारताना आपलाच आवाज का पडला, कुठल्या घरात आपल्याला बसवेना, हे दोन ओळींत लिहिलेलं हवं. त्याने माहिती बिघडत नाही, कुठल्या माहितीवर किती विश्वास ठेवायचा ते समजतं. माझ्या तिसऱ्या आठवड्यानंतरच्या फॉर्मवर सावकारी कर्जाबद्दल काहीही विश्वास ठेवू नये, हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. पण लिहिलं असतं तर पुढचं कंत्राट मिळालं नसतं.

मुद्दा तिथेच अडतो. ज्याचा पगार भरलेल्या फॉर्मांवर ठरतो तो खरा शेरा लिहिणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घरगुती हिंसाचाराच्या संशोधनासाठी २००१ साली ज्या सूचना काढल्या, त्यांत हे ओळखलं आहे: पथकातल्या माणसांची निवड पारखून करा, त्यांना खास प्रशिक्षण द्या, आणि काम चालू असताना त्यांना आधार मिळत राहील असं बघा. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसेचे प्रश्न निवडक घरांतच, एका घरातल्या एकाच बाईला आणि एकांत मिळाला तरच विचारायचे, असा चांगला नियम आहे. तो उत्तरदातीच्या जिवासाठी आहे, आणि असायलाच हवा. पण पाचव्या फेरीत सहा लाख छत्तीस हजारांहून अधिक घरं झाली. त्या घरांतून बाहेर पडणाऱ्या मुलींनी रात्री काय केलं असेल याचा मी विचार करते, कारण मला ती बादली आठवते.

संशोधनाचे प्रस्ताव नैतिकतेच्या कसोटीवर तपासणाऱ्या आपल्या एथिक्स कमिट्यांचंही तसंच. मुंबईच्या 'सेहत' संस्थेच्या पुढाकाराने २००० सालीच आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली, तेव्हा महाराष्ट्राला हा विषय नवा आहे असं म्हणायची सोय नाही. मी दोन कमिट्यांपुढे प्रस्ताव घेऊन गेले आहे. संमतीपत्राच्या मराठीवर अर्धा तास चर्चा झाली (व्हायलाच हवी होती, भाषांतर भयानक होतं). मुलाखती कोण घेणार, दिवसाला किती, त्यांचे पैसे फॉर्मवर की दिवसावर, हे कुणी विचारलं नाही. हा एक प्रश्न जरी कमिटीने विचारायला सुरुवात केली तरी पुष्कळ फरक पडेल. मरण, हिंसा, जातीय अत्याचार असा विषय असेल तर दिवसाला दोनच मुलाखती आणि पगार दिवसाचा. जोडीने जायचं. ज्या मुलीला एखाद्या घरी जायचं नसेल, तिला कारण न सांगता नकार देता यावा आणि तिचा दिवस कापला जाऊ नये. पिशवीत मदतीच्या ठिकाणांचे पत्ते असावेत. हे उत्तरदात्यासाठी तर आहेच, पण जिच्या हातात देण्यासारखं काही असतं तिची मानही खाली जात नाही, हे मी अनुभवाने सांगते.

२०२४ च्या जानेवारीत राज्य मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण झालं तेव्हा शिक्षक, पालिकेचे कर्मचारी दीडशेहून अधिक प्रश्न घेऊन दारोदार फिरले. विधवांच्या कुंकवाबद्दल विचारायला लावल्यावर शिव्या खाणारा माणूस प्रश्न तयार करणारा नसतो. आता १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाच्या जनगणनेत प्रत्येक घरात जात विचारली जाणार आहे. विचारणाऱ्याचीही जात आधी विचारली जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. प्रगणकांच्या प्रशिक्षणात यासाठी निदान एक तास असावा: दारात अपमान झाला तर काय करायचं, कोणाला सांगायचं, आणि त्या घराचा फॉर्म दुसऱ्या कोणाला देता येतो का.

गेल्या वर्षी एका छोट्या अभ्यासाच्या अंदाजपत्रकात मी स्वतःच एक ओळ घातली: पथकासाठी समुपदेशकाचं मानधन आणि दर दहा दिवसांमागे मुलाखतीविना एक पगारी दिवस. रक्कम एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ होती. देणगीदार संस्थेतल्या हिशोबनिसांनी फोन केला. माणूस सभ्य, विरोध करायला नव्हे तर खरंच न कळल्याने विचारत होता. "मॅडम, पेट्रोलचं बिल असतं, झेरॉक्सचं असतं. याला बिल कसलं जोडणार?" मी म्हटलं, समुपदेशकाची पावती मिळेल. "ते ठीक. आणि तो रिकामा दिवस?"

मी सांगितलं, त्याला मस्टर जोडते. त्या दिवशी सगळ्यांच्या नावापुढे 'हजर' लिहिलेलं असेल.